इंद्रभानचा पहिला नकार

धामणगाव बढ्याच्या बसस्टँडसमोर माझं पाइपांचं दुकान आणि त्याला चिकटून इंद्रभानचं लेथचं. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे तिकडचं बोलणं मला ऐकावंच लागतं. मी मुद्दाम कान लावून बसतो असं माझी बायको म्हणते. तिचं मनावर घेऊ नका.

इंद्रभान म्हणजे याचं त्याला बसवणारा माणूस. एका कंपनीच्या मोटारीत दुसरीचा पंखा, पिठाच्या गिरणीला ट्रॅक्टरचं बेअरिंग, भंगारातल्या मोपेडच्या इंजिनावर फवारणीचा पंप. गिऱ्हाइकाने काहीही आणून समोर टाकावं आणि विचारावं, "होईन का?" इंद्रभान मान वर न करता म्हणणार, "न व्हाले काय झालं?" या एका वाक्यावर त्याचं दुकान चालतं. 'होत नाही' असं तो म्हणाल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं, आणि मी सगळं ऐकतो हे आता तुम्हाला कळलंच आहे.

मागच्या उन्हाळ्यात रोहिणखेडचे वामनराव त्याच्याकडे आले. मोठे जमीनदार, मिशा त्याहून मोठ्या. सोबत त्यांचे होणारे व्याही, उंद्रीचे गोकुळराव. वामनरावांनी पंच्याची घडी उलगडली तर आत रिव्हॉल्व्हर! आजोबांच्या वेळचं, परवाना रीतसर. वामनरावांच्या निम्म्या गप्पा या रिव्हॉल्व्हरवरच असायच्या, पण ते बाहेर निघालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी लगेच माझं दुकान सोडून तिकडे गेलो.

"यायच्या नातीच्या मांडवात याचा बार झालाच पायजे," गोकुळराव म्हणाले. "आमच्या लोकाइले मी सांगून बसलो."

अडचण एवढीच होती की त्या जातीच्या गोळ्या आता कुठेच मिळत नव्हत्या. त्यावर गोकुळरावांनीच तोड काढली होती. त्यांच्याकडेही परवाना होता. त्यांनी खिशातून आपली एक गोळी काढून लेथवर ठेवली. ही त्यात बसेल अशी चकरीची भोकं मोठी करून द्यायची. चकरी म्हणजे गोळ्या ठेवायचा तो फिरता भाग.

"जुनं लोखंड हाय, इंद्रभान," वामनराव म्हणाले. "मले नाही वाटत होईन."

मी मनात म्हटलं, झाली भाव पाडायला सुरुवात.

"नीट पाय बरं," वामनराव पुन्हा म्हणाले. "नसन होत तर तसं सांग. आमाले राग नाही."

इंद्रभानला ते झोंबलं. त्याने गोळी मोजली, चकरी मोजली, आकडे खडूने दारावर लिहिले आणि म्हणाला, "न व्हाले काय झालं? मंगळवारी घेऊन या."

वामनरावांचा चेहरा पडला. पैसे जास्त लागतील म्हणून पडला असेल, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून इंद्रभानच्या घशाखाली घास उतरेना. त्याची बायको अन्नपूर्णा डबा घेऊन यायची आणि भांडून जायची. "परवान्याच्या हत्याराले हात लावला तं पोलीस नेतीन."

"शब्द देल्ला ना म्या."

"मंग जेलात बी तोच शब्द खा!"

शेवटी तो माझ्यापाशी बोलला. दारावरच्या आकड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "एवढी भोकं मोठी केली तं मधात लोखंड राह्यते कुठं? पापडावानी होईन ते. अन् गोळी जोराची. बार नळीतून नाही निघाचा, वामनरावच्या हातातून निघन."

"मग सांग ना, होत नाही म्हणून."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला लेथ विकायला सांगितलं. नाव गेलं की काय उरतं, असं त्याचं म्हणणं. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. एका दुपारी पत्र्याच्या पलीकडून आवाज यायला लागला: "नाही होत, वामनराव. नाही जमत." गडी तालीम करत होता! तेवढ्यात कुणीतरी मळणीयंत्राचा तुटका दाता आणून विचारलं, "होईन का?" आणि हा म्हणाला, "न व्हाले काय झालं?" मी कपाळावर हात मारून घेतला.

मंगळवारी जीप आली. वामनरावांनी पंचा उघडायच्या आत इंद्रभान उभा राहिला. घाम पुसला. खाली बघत म्हणाला, "नाही होत."

मग गोकुळराव हसले. "धामणगावात म्हणे सारं होते!"

आणि वामनराव? त्यांनी तर दुकान डोक्यावर घेतलं. "एवढं तुझं नाव, अन् एक चकरी होत नाही तुह्यानं? आमाले आठ दिवस लटकोलं! नातीच्या लग्नाचा इचका केला!" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "वामनराव, त्यानं तुमचा पंजा वाचवला, हे तरी बघा!" पण दोघं तणतणत जीपमध्ये बसून गेलेसुद्धा.

इंद्रभान स्टुलावर बसला. "गेलं नाव," म्हणाला. मला खरंच वाईट वाटलं. मी चहा सांगायला निघालो, तर जीप रसवंतीपाशी थांबलेली आणि वामनराव एकटेच लगबगीने परत येताना दिसले. चष्मा राहिला, असं मागे ओरडून सांगत होते. चष्मा तर त्यांच्या डोळ्यांवर होता.

आत येताच त्यांनी इंद्रभानचे ऑइलने माखलेले हात धरले. "वाचोलं बे तू मले!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जिंदगीत एक बार नाही उडोला म्या याच्यातून. फटाका फुटला तरी छाती धडधडते माही. नुसत्या गप्पा ठोकत आलो, अन् या व्याह्यानं खऱ्या धरल्या."

"मंग पयल्याच दिवशी काऊन नाही सांगतलं?"

"व्याह्याले नाही कसं म्हणू? नात द्याची हाय त्याच्या घरी! म्हटलं, इंद्रभान नाही म्हणन तं साऱ्या तालुक्याले पटन. म्हणून तं किती बार म्हटलं, नसन होत तर सांग. अन् तू म्हणे, न व्हाले काय झालं!"

मला हसू आवरेना. मागे डबा घेऊन आलेली अन्नपूर्णा पदर तोंडाला लावून उभी होती. फक्त इंद्रभान हसत नव्हता. आठ दिवस न जेवलेला माणूस तो.

"लग्नाले ये," वामनराव म्हणाले. "पयल्या पंगतीत माह्या बाजूले बस."

इंद्रभानने आपले हात सोडवून घेतले.

"नाही येत," तो म्हणाला, आणि या वेळी ना घाम आला, ना मान खाली गेली.