पेवाचा कंदील

तार आली त्या दिवशी मी कुरडयांचा चीक घाटत होते. चीक चुलीवर असला की हात थांबवता येत नाही, गुठळ्या होतात. म्हणून यजमानांनी तार वाचून दाखवली तेव्हाही मी घाटतच राहिले. ‘विष्णू सीरियस, ताबडतोब निघा.’ तारेत ‘सीरियस’ आलं की माणूस गेलेला असतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी सातारा सोडताना मी पिशवीत मेतकुटाची पुडी टाकली, कारण आजारपणात माझ्या या धाकट्या भावाला मऊ भात नि मेतकूट लागायचं. लढाईमुळे पेट्रोल नाही, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धावतात. धावतात कसल्या, चढ आला की उतरून ढकलाव्या लागतात. आम्हाला जागा मिळाली ती मागच्या बाकावर, भट्टीच्या अंगाला. विष्णू मला नेहमी बजावायचा, “अक्का, मागं बसू नकोस. धूर दिसतो त्याचं भय नाही, न दिसणाऱ्याचं आहे.” वाटभर तेच कानात घुमत होतं... आम्ही पोहोचलो तेव्हा त्याला चिरफाडीसाठी सांगलीला नेलं होतं आणि त्याची बायको इंदू भिंतीकडे तोंड करून बसली होती.

विष्णू कृष्णाकाठच्या एका गावच्या म्युनिसिपालिटीत सॅनिटरी ओव्हरसियर होता. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर संपादक छापायचे नाहीत, आणि न लिहिताही ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. गेले काही आठवडे त्याच्याबद्दल पुष्कळ गोड बोललं गेलं आहे. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख. हसतमुख तो मुळीच नव्हता. जेवताना गटारांविषयी बोलायचा, पाहुण्यांना पाणी देण्याआधी ते कुठल्या घाटावरून आणलं ते विचारायचा आणि सणाच्या दिवशीही कुणाच्या मोरीचं तोंड रस्त्यावर उघडलेलं दिसलं तर भांडण काढायचा. मी त्याची थोरली बहीण, मला त्याचं कौतुक करायची सवय नाही. या लेखातही करणार नाही. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे, ती अशी की माझ्या भावानं टाकीत उतरण्याआधी कंदील सोडला होता.

हे कळायला हरिपूर कळलं पाहिजे. सांगलीजवळच्या हरिपुरात आमच्या वडिलांची हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड एक माणूस जाईल एवढं, आत पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पण पेव उघडलं की आत कोंडलेली हवा विषारी असते. एकदम उतरला तो वर येत नाही. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, वाट बघायची आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर पुन्हा थांबायचं. जळत राहिला तर उतरायचं. आणि आमच्या घरचा शिरस्ता असा, की ज्यानं दिवा सोडला त्यानंच पहिला पाय टाकायचा, हमालानं नाही. वडील म्हणायचे, “दिव्याची खात्री मी दिली ना? मग मीच आधी जाणार.” विष्णू लहानपणी त्यांच्या शेजारी ओणवा होऊन ज्योतीकडे बघत बसायचा. एकदा ज्योत अर्ध्या वाटेवर बारीक झाली, निळसर झाली आणि गेली, तेव्हा त्यानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. हळदीचा धंदा पुढे भाऊबंदकीत गेला. विष्णूच्या वाट्याला तो पितळी कंदील आला आणि त्यानं दुसरं काही मागितलंही नाही.

तो पुण्याला जाऊन सॅनिटरीचं शिकून आला तेव्हा गावाचं सगळं घाण पाणी सरळ नदीत जात होतं आणि खालच्या घाटावर बायका त्याच नदीतून घागरी भरत होत्या. उन्हाळ्यात कृष्णेची धार आटली की पाण्यावर साय धरल्यासारखा तवंग यायचा. त्यात लढाई सुरू झाली आणि गावाबाहेरच्या चामड्याच्या कारखान्याला पलटणीच्या बुटांचं काम मिळालं. कारखान्याची पाणी दोन. एक कातड्यावरचे केस काढायचं, चुन्याचं आणि गंधकाच्या खाराचं, दुसरं तेजाबाचं. विष्णूनं कमिटीच्या मागं लागून लागून नदीच्या अलीकडे निवळण्याची टाकी बांधून घेतली. गाळ तळाला बसावा, वरचं पाणी नदीत जावं, अशी. वास येतो म्हणून लोकांनी ओरड केली, तेव्हा तिच्यावर फरश्या घातल्या आणि आत जायला एक तोंड ठेवलं... पेवाला असतं तसंच. कारखान्याच्या मॅनेजरकडून त्यानं कबूल करून घेतलं होतं की दोन पाणी एका वेळी सोडायची नाहीत. ती एकत्र आली की भयंकर वायू सुटतो, हे तो मला पोळ्या लाटताना समजावून सांगायचा. मी म्हणायचे, “अरे, जेवणाच्या वेळी तरी पुरे कर.” तर म्हणायचा, “अक्का, घाण नाहीशी होत नसते. पाण्यातून काढली तर हवेत जाते, हवेतून काढली तर गाळात बसते. आपण फक्त तिची जागा बदलतो. जागा कुठली ते नीट ठरवायचं, एवढंच माझं काम.”

गेल्या दिवाळीत तो सहकुटुंब साताऱ्याला आला होता. पहाटे मला हट्टानं अजिंक्यताऱ्यावर घेऊन गेला. माझे गुडघे कुरकुरत होते, आणि वर गेल्यावर आमच्या या ओव्हरसियर साहेबांनी मला देवीचं देऊळ सोडून धूर दाखवला. खाली गावातल्या चुलींचा आणि बंबांचा धूर थोडा वर चढून थबकला होता, सगळ्या गावावर सपाट पसरून राहिला होता. “बघ, खाली गार हवा नि वर उबदार. झाकण बसलंय. ऊन तापेपर्यंत लोक तोच धूर पुन्हा पुन्हा ओढणार.” मी म्हटलं, “लोकांना पहाट दिसते, तुला धूरच दिसतो.” तो म्हणाला, “कुणाला तरी दिसायला पाहिजे.” त्यावर इंदू हसली, मीही हसले. ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी काय झालं ते मला भिवानं सांगितलं. भिवा म्युनिसिपालिटीच्या गटारांवर काम करतो, टाकीपाशी त्या वेळी विष्णूजवळ तोच होता. तेराव्याला आला, अंगणातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. मग मीच बाहेर जाऊन पायरीवर बसले. “आक्कासाब,” तो म्हणाला, “टाकीचं भायेर जायाचं तोंड केसांनी तुंबलं व्हतं. सकाळधरनं लय घान वास मारत व्हता, सडक्या अंड्यावानी. सायबांनी फरशी काढाय लावली, आन् कंदील सोडला. कंदील झ्याक जळत व्हता. आमी बसलो वाट बगत. मग हळूहळू वास बी ग्येला. सायेब म्हनलं, ‘भिवा, आता येतोय का रं वास?’ मी म्हनलं, न्हाई. त्ये म्हनलं, ‘मला बी न्हाई.’ मी दोर कमरेला बांधाय लागलो तर त्येंनी हातातनं काढून घेतला. म्हनलं, ‘दिवा मी सोडलाय.’” भिवा पुढे सांगू लागला. “चार पायऱ्या उतरलं असत्याल. हाक न्हाई, काय न्हाई. दोराला हिसका बसला तवा वढून काढलं. मला बी घेरी आली. कंदील तसाच खाली ऱ्हायला. दुपारच्याला वर घेतला, तवाबी जळतच व्हता.”

कारखान्यानं त्या दिवशी दोन्ही पाणी एकदम सोडली होती. माल वेळेवर जायचा होता म्हणे. हे मॅनेजर नाकारतो, पण सांगलीच्या डॉक्टरांनी मला विष्णूच्या बोटातली चांदीची अंगठी दिली ती कोळशासारखी काळी होती. ते म्हणाले, “बाई, कोंदट पेवात प्राणवायू नसतो, म्हणून दिवा विझतो. हा वायू निराळा. हवेत चिमूटभर असला तरी माणूस जातो, आणि तेवढ्यानं दिव्याला काही होत नाही. शिवाय तो आधी नाक मारतो. वास गेला असं वाटतं तेव्हा हवा सुधारलेली नसते, नाक मेलेलं असतं.” शिशाच्या क्षारात भिजवलेली कागदाची पट्टी खाली सोडली असती तर काळी पडली असती, असंही त्यांनी सांगितलं. मी घरी आले आणि विष्णूच्या फोटोसमोर बसून त्याला शिव्या दिल्या. पुण्याला जाऊन शिकलास, आम्हा सगळ्यांना शिकवलंस, दोन पाणी एकत्र आली की काय होतं ते पोळ्या लाटताना सांगितलंस, आणि वेळ आली तेव्हा बघितलंस कशाकडे, तर वडिलांच्या कंदिलाकडे. कारखान्याच्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि ज्योतीवर त्याहून जास्त. मला त्याचा अजूनही राग येतो. तो राग मला सोडायचाही नाही.

पण तो माझा राग आहे. शोकसभेत झालं ते वेगळं. हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी सांगितलं, की कै. विष्णुपंत अनुभवी होते, परंतु उत्साहाच्या भरात कंदिलाची साधी खबरदारी न घेता उतरले. पुढच्या रांगेत कारखान्याचा मॅनेजर मान हलवत होता. मी उठून म्हटलं, “त्यानं कंदील सोडला होता.” अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, “अहो बाई, सोडला असता तर तो विझला असता, आणि ते उतरले नसते.” झालं. माणूस मेला, म्हणजे कंदील सोडला नव्हता. भिवाला कुणी विचारलंच नाही, आणि तो मागच्या दाराशी उभा होता तिथूनच निघून गेला. दोन दिवसांनी टाकीवर पाटी लागली. ठळक अक्षरांत. टाकीत उतरण्यापूर्वी जळता कंदील खाली सोडावा. तो जळत राहिल्यासच उतरावे. माझ्या भावाचा जीव ज्यानं घेतला तोच आता नियम झाला आहे, आणि तोही त्याच्या स्मरणार्थ. डॉक्टरांनी अध्यक्षांना भेटून सांगितलं, मी दोनदा जाऊन सांगितलं. कमिटीपुढे विषय ठेवू, असं उत्तर मिळालं. गटारं तर रोज वाहताहेत, आणि पाऊस आला की ते तोंड पुन्हा तुंबणार आहे.

कंदील इंदूनं मला दिला. “घेऊन जा वन्सं, तो माझ्या डोळ्यांसमोर नको,” म्हणाली. साताऱ्याला माझ्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या खुंटीला तो टांगला आहे. परवा म्युनिसिपालिटीचा शिपाई एवढ्या लांब आला. कमिटीनं ठरवलंय, म्हणाला, की साहेबांचा कंदील टाकीपाशी कायमचा ठेवायचा, त्यावर त्यांचं नाव कोरायचं, म्हणजे कामगारांना आठवण राहील. मी त्याला चहा दिला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. भिवाचा पुतण्या पलटणीत आहे, रजा संपवून साताऱ्यावरून परत जाताना त्याच्याकडून भिवाचा निरोप आला होता: “आक्कासाबास्नी सांग, कंदील देऊ नगा. आमी बांबूनं वरनंच ढोसतो. कुनी बी सांगू दे, उतरत न्हाई.” पण भिवा एकटा किती दिवस नाही म्हणेल? उद्या त्याला काढून दुसऱ्याला घेतील, आणि तो नवा माणूस पाटी वाचेल. त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

रोज दिवे लावायच्या वेळी माझा हात सवयीनं त्या कंदिलाकडे जातो आणि परत येतो. मी दुसरा लावते. आमची आई दर आठवड्याला चिंच-राखेनं घासून त्याचं पितळ लखलखीत ठेवायची. आता ते विष्णूच्या अंगठीसारखंच तळापासून दांडीपर्यंत काळंकुट्ट पडलं आहे. दुपारपर्यंत टाकीत जळत होता ना, तेव्हाच ते काळं झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, द्या, मी घासून देते. मी नको म्हटलं. ज्योत खोटं बोलली तरी पितळ खरं सांगत होतं, आणि माझा विष्णू ज्योतीकडे बघत होता.