बोट अडखळलं, तिथेच बग होता

मंडळी, आमचं ॲप बडनेऱ्याच्या फूलवाल्यांना अकोल्याला जाणाऱ्या टेम्पोत जागा राखून देतं. आज दुपारी ते त्यांच्या हाती जाणार होतं. ते तपासायचं काम माझं. सगळ्या टेस्ट पास होत्या. तरी ‘जागा राखा’ दाबताना मला दर वेळी धास्ती वाटायची. मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

कोड लिहिणारा नितीन हसला. “तुले भेव लागून राहिलं म्हणून मी रिलीज थांबवू काय?”

मी धास्तीचं कारण शोधलं. बटण दाबल्यावर क्षणभर स्क्रीनवर काहीच होत नव्हतं, म्हणून बोट आपोआप पुन्हा तिकडे जायचं. मग नेट मुद्दाम मंद केलं आणि दोनदा दाबलं. एकाच माणसाच्या नावावर दोन जागा गेल्या. म्हणजे टेम्पोत जागा रिकामी आणि दुसऱ्या कुणाची फुलं इथेच सुकणार.

नितीनने रिलीज थांबवलं. संध्याकाळी दुरुस्ती करून त्याने फोन माझ्यापुढे ठेवला. “आता सांग, कसं वाटून राहिलं?”

मी बटण दाबलं. लगेच ‘थांबा’ असं दिसलं आणि बटण बंद झालं. “काहीच वाटत नाही.”

“मंग पास.”

आज मला स्वतःचा अभिमान वाटतोय, तोही नोंदवून ठेवते. तुमच्या कामात तुम्ही कोणत्या भावनेचं ऐकता?