सरांनी तपासलेलं पान

सांगलीत ज्या ज्येष्ठ वकिलांकडे मी ज्युनिअर म्हणून काम शिकत होते, त्यांच्या मते वकिलानं दारावर पाटी लावावी, तीही लहान. त्यापलीकडे स्वतःबद्दल काही सांगणं म्हणजे जाहिरात. आम्ही त्यांना सर म्हणायचो. सरांचा लेख मात्र दर दिवाळी अंकात फोटोसकट छापून यायचा आणि ते अंक ऑफिसातल्या बाकावर पक्षकारांना दिसतील असे ठेवलेले असायचे. ते समाजप्रबोधन होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बसस्टँडमागे नवा सायबर कॅफे निघाला होता आणि कोर्ट सुटलं की मी तिथं जाऊन बसायचे. फुकटात स्वतःचं पान काढू देणारी एक वेबसाइट मला सापडली. तिच्यावर मी लिहू लागले: वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं कशी लावायची, बहिणींची नावं का गाळायची नाहीत, तलाठी ऐकत नसेल तर पुढं कुठं जायचं. मराठी फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला की सगळे चौकोनच दिसायचे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. नाव, पत्ता काही घातला नव्हता.

वकिलांच्या बाररूममध्ये कुणीतरी सरांच्या कानावर घातलं. त्यांनी मला समोर बसवलं. खाली नाव नाही, म्हणजे हे बेजबाबदार लिखाण, असं ते म्हणाले. मला ते पटलं. त्याच संध्याकाळी मी पानाखाली माझं नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तसं सांगितलं.

"म्हणजे आता जाहिरात झाली," सर म्हणाले. "काढून टाक."

नाव काढू की पान, असं मी विचारलं. ते फायलीत डोकं घालून बसले. मी काहीच काढलं नाही.

महिनाभरानं विट्याकडचे एक निवृत्त सुभेदार पानाखालचं नाव कोर्टात विचारत विचारत ऑफिसात आले. ते फौजेत असताना भावानं जमिनीच्या नोंदीत त्यांचं नावच घातलं नव्हतं. त्यांचा मुलगा मदुराईत सोनं वितळवून शुद्ध करणाऱ्या गलाईच्या दुकानात होता. तिथल्या कॅफेत त्यानं माझं पान वाचलं, छापून घेतलं आणि वडिलांना पोस्टानं पाठवलं. सुभेदारांनी खिशातून कागद काढून सरांच्या टेबलावर पसरला. इंग्रजी अक्षरांतलं हे मराठी तुम्हाला वाचता आलं का, असं सरांनी जरा खवचटपणेच विचारलं.

"आवं, पलटणीत आमाला हिंदीच रोमनमधनं शिकवायचे," सुभेदार म्हणाले. "लय सोपं लिवलंय. हे लिवनाऱ्या बाई कोन म्हनायच्या?"

मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "आमच्याच ऑफिसचं आहे."

केस आम्ही घेतली, नोंद दुरुस्त झाली. पण माझे हाल त्या दिवसापासून सुरू झाले. विरोध होता तोवर मी निदान लिहू तरी शकत होते. आता पानाखाली माझ्याऐवजी ऑफिसचं नाव आलं आणि प्रत्येक मजकूर आधी सरांकडे जाऊ लागला. 'बहिणीचं नाव गाळू नका' याचं त्यांनी 'स्त्री वारसांच्या हितसंबंधांस बाध येईल असे कोणतेही कृत्य करू नये' केलं. हे इंग्रजी अक्षरांत टाइप करून बघितलं तेव्हा मलाच ते वाचवेना. एकदा ते स्वतः कॅफेत आले. काळा कोट घालून, गेम खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या मधोमध बसले. पान उघडता उघडता लाइन दोनदा तुटली. शेवटी उघडलं तेव्हा त्यांनी ते वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं आणि एक स्वल्पविराम चुकल्याचं सांगितलं. कुणाला उपयोग होईल का, यावर एक शब्द नाही.

मी एकदा धीर करून म्हणाले, "सर, सुभेदारांना हे कळलं नसतं."

"त्यांनी वकिलाकडे यावं," सर म्हणाले. "त्यासाठीच आपण आहोत."

तपासणीत लेख आठवडेच्या आठवडे पडून राहू लागले. वर्षभरात जेमतेम तीन चढले, आणि ते वाचून कुणीही आलं नाही. पुढं मी विट्यात स्वतंत्र ऑफिस काढलं आणि पहिल्या आठवड्यातच नवं पान सुरू केलं, माझ्या भाषेत, नावासकट.

काही वर्षांनी सांगलीच्या बाररूममध्ये सरांचा सत्कार झाला. नव्या वकिलांनी बदलत्या काळाबरोबर चालायला हवं, असं ते भाषणात म्हणाले. जिल्ह्यातलं वकिलांचं पहिलं वेब पान त्यांच्याच ऑफिसनं काढलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. शेजारी बसलेल्या वकीलबाईंनी कौतुकानं माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही तेव्हा तिथंच होता ना? मी हो म्हणाले. सगळे टाळ्या वाजवत होते, मग मीही वाजवल्या.