प्यो उस्तादांचा फळा

आमच्या छांगवोन शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणाला बक्षीस मिळालं, कुणाचं पेटंट झालं, की दुसऱ्या दिवशी मुख्य फाटकावर अभिनंदनाचा कापडी फलक झळकतो. मजकूर ऑफिसातून जातो, म्हणजे माझ्याकडून. सतरा वर्षं मी हेच करतेय. प्राध्यापकाच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर दोन फोन येतात, फलक वाऱ्याने फाटला तर एकही येत नाही. प्यो सांगगिल हे नाव मात्र मी त्या कापडावर कधी लिहिलं नव्हतं, आणि निम्म्याअधिक बक्षिसांना त्यांचा हात लागलेला होता.

प्यो उस्ताद आमच्या वर्कशॉपचे प्रमुख. एकतीस वर्षं लेथपाशी उभं राहून कंबर गेली, पण फटकळ तोंड शाबूत. नवी पोरं त्यांना टरकून असायची ती दाराशी टांगलेल्या काळ्या फळ्यामुळे. ज्याने जे मोडलं, त्याने तिथे आपल्या हाताने आपलं नाव लिहायचं, पुढे मोडलेली वस्तू. ती पुन्हा चालू लागली की ज्याचं त्यानेच पुसायचं. ओरडा नाही, दंड नाही, नुसतं नाव. आमचे आत्ताचे डीन विद्यार्थी असताना अकरा दिवस त्या फळ्यावर होते, हे उस्ताद दर स्नेहभोजनात न चुकता सांगत. डीन हसत, पण कानाची पाळी लाल होई.

उस्ताद या ऑगस्टअखेर निवृत्त होणार होते. त्यांची एकच इच्छा राहिली होती. कॉलेजची पोरं दरवर्षी स्वतः बांधलेली गाडी घेऊन कुनसानच्या शर्यतीला जातात. शेवटच्या दिवशी बावीस फेऱ्या पुऱ्या करायच्या असतात. अठरा वर्षांत आमची गाडी एकदाही बावीसपर्यंत पोचली नाही. कधी साखळी तुटली, कधी चाक निखळलं, गेल्या वर्षी एकोणिसाव्या फेरीत धूर निघाला. "मला नंबर नको," उस्ताद म्हणायचे, "ही कार्टी एकदा स्वतःच्या पायांनी घरी आलेली बघू दे."

यंदाची गाडी विजेवर चालणारी होती. संघाची कप्तान थाक नाग्योंग, चौथ्या वर्षाची, अंगाने काडी आणि जिभेने थेट उस्तादांच्या तोडीची. दोघांचं दिवसभर वाजायचं. आवाज न करणाऱ्या गाडीला उस्ताद गाडी मानायला तयार नव्हते, आणि ती त्यांना म्हणायची की आवाजाला तुम्ही आहात की.

निघण्याच्या आदल्या सकाळी रिवाजाप्रमाणे गाडीची पूजा झाली. पूजेत मांडायचं डुकराचं उकडलेलं मुंडकं मीच आणलं होतं, चांगलं हसरं बघून. हसरं नसलं तर उस्ताद परत पाठवतात. डीननी नमस्कार केला, पोरांनी केला. मग उस्तादांनी नेहमीसारखी माक्कोली, आमची तांदळाची दारू, चारी चाकांवर शिंपडली आणि उरलेली वाटी, नेहमीसारखीच, गाडीच्या काळजावर ओतली.

आधीच्या गाड्यांच्या पेट्रोल इंजिनाला त्याने काहीच होत नसे. या गाडीचं काळीज म्हणजे सीटमागचा, मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरचा डबा होता. नाग्योंगने कळ फिरवली. आतून टक् असा आवाज आला आणि गाडी गप्प झाली.

ज्याला ही गाडी पोचलेली बघायची होती, त्यानेच ती मारली होती. उस्तादांनी रिकामी वाटी खाली ठेवली. मग फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि लिहिलं: प्यो सांगगिल – गाडी. एकतीस वर्षांत प्रथमच. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं.

नाग्योंगने डबा उघडला, आत बोट फिरवलं आणि उठून तीही फळ्याशी गेली. सकाळी तपासणी झाल्यावर झाकणाखालचं रबर बसवायला ती विसरली होती. उस्तादांच्या खाली तिने लिहिलं: थाक नाग्योंग – रबर.

"माझ्या नावाखाली गर्दी नको," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही ओतलंत, पण आत मी येऊ दिलं," ती म्हणाली. "चला, बसा इथे. दारू आता दारूनेच उतरवायची."

दिवसभर ती अल्कोहोलने एकेक सांधा पुसत होती आणि उस्ताद शेजारी बसून दिवा धरत होते. मध्येच ती "हात स्थिर ठेवा, उस्ताद" म्हणाली आणि त्यांनी निमूटपणे ठेवला. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. उडालेला फ्यूज बदलला. अंधार पडायच्या आत गाडी चालू झाली. नाग्योंगने लगेच आपलं नाव पुसलं. उस्तादांनी पुसलं नाही.

"चालू झाली म्हणजे झालं का?" ते म्हणाले. "बावीस होऊ देत."

त्यांच्यासोबत मीही कुनसानला गेले. गाडी सुटल्यावर ते मैदानाकडे पाठ करून बसले, बघवत नव्हतं. पूर्वी नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, या गाडीचा आवाजच नव्हता. म्हणून दर फेरीला मला विचारायचे, "आली?" मी म्हणायचे, "आली." एकोणिसाव्या फेरीला त्यांनी विचारलंच नाही, मीच सांगितलं. बाविसाव्या फेरीला गाडी रेषेवरून गेली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा ते वळले. मला रडताना बघून आधी त्यांना वाटलं, बंद पडली.

आमचा नंबर सत्ताविसावा आला. परतल्यावर मी फलकाचा मजकूर डीनपुढे ठेवला. सत्ताविसाव्या नंबराचा फलक लावत नसतात, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सर, अकरा दिवस फळ्यावर राहिलेल्या माणसाने सही करायला काय हरकत आहे. त्यांनी केली. फाटकावर पहिल्यांदाच ते नाव लागलं: प्यो सांगगिल आणि संघ, बावीस फेऱ्या पूर्ण. मला अजून त्या कापडाचा अभिमान वाटतो.

उस्ताद फलकाखालून मान वर न करता गेले, थेट वर्कशॉपात. बाहीने आपलं नाव पुसलं. मग नाग्योंगकडे खडू मागितला आणि त्याच जागी मोठ्या आकड्यांत २२ लिहिले.

आता तिथे नवा माणूस आला आहे. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, हे बावीस कुणी मोडले, पुसू का? मी म्हटलं, हात लावू नका. त्या फळ्यावर न मोडलेलं तेवढं एकच आहे.