दोराला दोन हिसके

‘इसम नामे गिल्बर्ट कुटिन्हो, वय अंदाजे सत्तर, निवृत्त फिटर, हा घोडबंदर रोडमागील खाडीत, कांदळवनालगत, शिडाच्या होडीत विनापरवाना एकटाच वास्तव्यास असून सदर होडी लोखंडी नांगराने स्थिर केलेली आहे. सबब ती हलविण्यात यावी.’

रस्त्यावरून ही होडी दिसत नाही. टॉवरच्या वरच्या मजल्यांवरून दिसते, आणि तिथे ती फ्लॅटच्या किमतीत धरलेली असते.

होडी गिल्बर्टने स्वतः बांधली. बायको कार्मेल कुरकुरत राहायला आली आणि रमली. बाजाराला ती लहान डोंगीतून बाळकुमला जायची. परतल्यावर हाक मारायची नाही; नांगराचा दोर दोनदा ओढायची. गिल्बर्ट दुपारी झोपताना त्या दोराला बांधलेली सुतळी पायाच्या अंगठ्यात अडकवून ठेवी, नांगर घसरला तर जाग यावी म्हणून. अंगठ्याला दोन हिसके बसले, की तो उठून शिडी खाली सोडी.

एका भरतीला डोंगी एकटीच आली. आत भाजीची पिशवी होती. कार्मेल सापडली नाही.

हिसके मात्र थांबले नाहीत. गिल्बर्ट शिडी सोडतो. वर ओढून घेतो तेव्हा ती ओली असते. पाण्याला न लागलेल्या वरच्या पायऱ्यासुद्धा.

परवा मेघना नावाच्या अधिकारी लाँच घेऊन आल्या. सोबत होडी ओढून न्यायला कुंडलिक.

“काका, जेट्टीला जागा देतोय ना तुम्हाला. लाईट, पाणी, सगळं.”

“जेट्टीला होडी खांबाला बांधतात, बाय. मग ती दोर कुठला ओढंल?”

“ती कोण?”

“कार्मेल. माझी बायको.”

“काका, त्या तर...”

“हां. ते तुमच्या कागदात हाय.”

कुंडलिक हसला. “मॅडम, म्हातारा टोपी घालतोय आपल्याला. मी नांगर काढतो.”

“काढ,” गिल्बर्ट म्हणाला. “पण हळू हां. खेचाखेच तिला आवडत नाय.”

दोर ताठ होता, जड होता. कुंडलिक होडीवर चढून हातामागून हात टाकत तो ओढत राहिला. मध्येच त्याचे खांदे पाण्याकडे झुकले. एकदा. मग पुन्हा एकदा.

गिल्बर्ट सवयीने शिडी सोडायला उठला.

कुंडलिकने उरलेला दोर वर घेतला, टोकाकडे पाहिलं आणि तो हलकेच पाण्यात परत सोडला. दोर खाली गेला आणि पुन्हा ताठ झाला.

“काय रे, नांगर?” मेघना लाँचमधून ओरडल्या.

“चला, मॅडम.”

“अरे, पण...”

“चला म्हटलं ना!”

अहवालात नोंद आहे: ‘नांगर तळाशी घट्ट रुतलेला असल्याने होडी हलविणे शक्य झाले नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.’

दोराच्या टोकाला नांगर नव्हता.