टेकडीवरचे चाळीस मिलिसेकंद

"ये, ज्वारीची भाकर खाऊ घालतो," असा गणेश राठोडचा फोन आला आणि मी निघालो. गणेश माझा कॉलेजातला मित्र. आता घाटंजीजवळच्या तांड्यावर शेती करतो. यवतमाळहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. जायचं तर कापूसवेचणीत जा, दुतर्फा शेतं पांढरी असतात. एसटीने गेलात तर फाट्यापासून चालावं लागेल.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता गणेशच्या मुलीची, पायलची, नोकरीसाठी व्हिडिओ मुलाखत होती. त्या सकाळी मी तिला म्हटलं, घाटंजीला नेतो, तिथे फाइव्ह-जी आहे.

"काका, आज बाजार हाये तिथं."

मला वाटलं, तिला गर्दीची काळजी. "गाडी मागच्या गल्लीत लावू."

अकराला गल्लीत नेटचा स्पीड मोजला. साठ एमबीपीएस. तांड्यावर चार दिसला होता. ऐटीत गणेशला व्हिडिओ कॉल लावला, तर पायलचं "हॅलो" त्याला चार सेकंदांनी पोचलं.

"पोरगी फोटोसारखी बसून राह्यली," तो म्हणाला. "आण तिले वापस."

पायलने स्क्रीनवर खाली बोट ठेवलं. "साठ येण्याचा हाये, काका. जाण्याचा पहा." तो अर्धा एमबीपीएसही नव्हता. त्याखाली पिंग, म्हणजे हाक जाऊन ओ यायला लागणारा वेळ: नऊशे मिलिसेकंद. साऱ्या बाजाराचे फोन एकाच टॉवरला लटकलेले.

बाराला दहा कमी असताना आम्ही तांड्यामागच्या टेकडीवर, मोहाच्या झाडाखालच्या दगडाशी पोचलो. महत्त्वाचं बोलणं तांडा बाजाराच्याच दिवशी ठेवतो. माणसं घाटंजीला जातात, इथला टॉवर मोकळा होतो. पायलने हा दिवस मुद्दाम मागून घेतला होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं ना. तुम्ही गल्ली शोधून राह्यले होते."

येण्याचा चार, जाण्याचा तीन, पिंग चाळीस. मी खाली सागाच्या पाचोळ्यात बसून ऐकत राहिलो. कुठल्याशा शहरातून प्रश्न यायचा, पायल उत्तर द्यायची, मध्ये कुठे फट नाही. पापणी लवायलाही चाळीस मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. समोर फक्त कापूस आणि आभाळ होतं, आणि त्यातून तिचा आवाज जाऊन परतत होता.

नागपुरात घरी तीन आकडी स्पीड आहे. आता मी आधी खालचा आकडा बघतो.

महिन्याभराने पायलचा व्हिडिओ कॉल आला. मागे तेच मोहाचं झाड.

"झालं, काका. पत्र सोमवारीच आलं."

"आणि आज सांगतेस?"

"आज बाजार हाये," ती म्हणाली. "तुमचं तोंड नीट पाहाचं होतं."