परत बांधलेली भिंत

प्रधान मॅडम गेल्याची बातमी मला कमळीबाईनं फोनवर सांगितली. मी नुकताच कर्जतहून दाढेचं औषध घेऊन येऊन ओटीवर टेकलो होतो. "दादा, आपल्या मॅडम गेल्या रं," एवढंच ती म्हणाली. बातमी अचानक आलेली नव्हती. वर्षभर त्या आजारी होत्या आणि आता फार दिवस नाहीत, हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगून टाकलं होतं. तरीही, या वयात ओळखीचं माणूस गेलं की रडू येण्याआधी थकवा येतो. आता यांच्याबद्दल कुणाशी बोलायचं, हा तो थकवा असतो.

लोधिवलीच्या पुढे, जुन्या हायवेला लागून आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. मी तिथे कामगार संघटनेचा सेक्रेटरी होतो आणि मॅडम कारखान्याच्या प्रमुख. म्हणजे रीतीप्रमाणे आमचं भांडण असायला हवं, आणि ते होतंही. कमळीबाई पॅकिंगला. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकर वाडीतून येते, अजून नोकरीत आहे. मी निवृत्त होऊन घरी बसलोय, पण कारखान्यातल्या शोकसभेला मला आवर्जून बोलावलं होतं. मॅडमच्या जागी आलेले नवे साहेब बोलायला उठले आणि मागच्या पडद्यावर एक फोटो आला. मॅडम हातात घण घेऊन कॅन्टीनची भिंत पाडताहेत. "मॅडमनी साहेब आणि कामगार यांच्यामधली भिंत पाडली," साहेब म्हणाले. "काही कारणानं ते काम अपुरं राहिलं. आपण ते पूर्ण करू. या महिन्यात भिंत काढू आणि हॉलला मॅडमचं नाव देऊ." टाळ्या झाल्या. फोटो खोटा नव्हता, मी स्वतः त्याच्यात एका कडेला तोंड वाकडं करून उभा आहे. पण पुढचं काहीच त्या पडद्यावर आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मॅडम आमच्याकडे आल्या तेव्हा कारखान्याची रया गेली होती. माल परत यायचा, गिऱ्हाईकं तुटत होती, आणि काहीही बिघडलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला सरळ सांगितलं, "ठोंबरे, मुंबई ऑफिसनं मला दोन गोष्टींसाठी पाठवलंय. एक तर हे सुधारा, नाही तर नीट बंद करा. मला कारखाना बंद करायचा नाही. पण इथे मला कुणी खरं सांगत नाही, आणि खरं कळल्याशिवाय मी काय सुधारू?" इतक्या साहेबांशी मी भांडलो, पण बंद करायची गोष्ट कुणी अशी पहिल्या चहालाच काढली नव्हती. मला त्यांचा राग आला आणि विश्वासही वाटला. आमच्यातल्या बहुतेकांची घरं त्या पगारावर चालत होती. भातशेती म्हणाल तर ती घरच्या खाण्यापुरती.

खरं का सांगत नाहीत याचा मॅडमनी शोध घेतला आणि त्यांना कॅन्टीनमधली भिंत सापडली. एका बाजूला साहेब लोकांची टेबलं, पंखे, काचेचे ग्लास. दुसऱ्या बाजूला आम्ही. दिसायला वाईटच दिसायचं, खोटं कशाला बोलू? मॅडम म्हणाल्या, ही भिंत आहे तोवर माणसं एकमेकांशी बोलणार नाहीत. मुंबईहून साहेब आले, फोटोवाला आला, घण चालवला गेला, पेढे वाटले. कंपनीच्या मासिकात पहिल्या पानावर छापून आलं. मॅडमचा मुंबईत सत्कारही झाला.

आणि दुसऱ्या दिवसापासून कामगार कॅन्टीनमधून नाहीसे झाले. बाया डबे घेऊन कॉम्प्रेसरच्या खोलीमागे जाऊन बसायला लागल्या, तिथे एवढा आवाज की शेजारणीशी ओरडून बोलावं लागायचं. पुरुष गेटबाहेर वडापाव खाऊन यायचे. मोठ्या, उजेडाच्या त्या हॉलमध्ये साहेब लोक मूठभर टेबलांवर जेवायचे आणि बाकीची टेबलं पुसून ठेवलेली असायची. मॅडमना काही कळेना. आधी वाटलं, ही आमच्या संघटनेची खोडी आहे. मला केबिनमध्ये बोलावून झाडलं. मी म्हटलं, "मॅडम, आमचा बहिष्कार असता तर मी बोर्डावर लिहिला असता, असा गुपचूप कशाला करीन?"

मग एका दुपारी मॅडम स्वतःचा डबा घेऊन कॉम्प्रेसरमागे आल्या. मी तिथेच होतो. बाया चटकन उठून उभ्या राहिल्या, पदर सावरले, डब्यांवर झाकणं पडली. मॅडम जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझं काय चुकलं ते सांगा, नाही तर मी रोज इथे येऊन बसेन." शेवटी कमळीबाई बोलली.

"मॅडम, तुमी चांगल्या हाव. पन तुमी समोर असल्या का आमचा घास खाली उतरत नाय. सकाळधरनं उभ्यानं काम करतो आमी. जेवताना पाय पसरावं वाटतंय. सुकट आनली तर साहेब रुमाल लावतात नाकाला. आनि सुपरवायझरचं गाऱ्हानं सुपरवायझरच्या म्होरं कसं करायचं? तेवढा एक अर्धा तास आमचा व्हता. तो पन तुमी नेला."

मॅडमनी डब्यातली पोळी तशीच ठेवली. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि खरं सांगतो, मलाच वाईट वाटलं. त्या आठवड्यात त्यांनी सगळ्या पाळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि उभ्यानं एवढंच बोलल्या, "भिंत पाडायच्या आधी मी तुम्हाला विचारलं नाही. चुकले. भिंत परत बांधू." माझी सगळी नोकरी कारखान्यात गेली, पण साहेबाच्या खुर्चीवरच्या माणसानं 'चुकले' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. साहेब लोक माना खाली घालून बसले होते. आमच्यातल्या काहींना तर हसूच फुटलं, कारण असल्या गोष्टीला काय करायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

भिंत परत उभी राहिली. गवंडी अर्ध्यावर आला तेव्हा कमळीबाई म्हणाली, "एक खिडकी ठेव रं, हाक मारता यंल अशी." ती ठेवली. पंखे आणि काचेचे ग्लास दोन्हीकडे सारखे आले. मॅडम जेवणाच्या सुट्टीत आमच्या बाजूला कधी आल्या नाहीत. खिडकीशी यायच्या, "आज काय गं?" विचारायच्या, कधी टाकळ्याची भाजी मागून घ्यायच्या, आणि जायच्या. ज्याला काही सांगायचं असेल तो उठून खिडकीशी जायचा. सुरुवातीला कुणी जाईना. आणि पहिल्यांदा जो गेला तो आमच्यातला नव्हताच, तो साळवी सुपरवायझर होता. पलीकडच्या बाजूनं उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "परत आलेला माल ओला होता, मॅडम. मला माहीत होतं. टार्गेटच्या भीतीनं मीच गाडीत भरला." मुंबई ऑफिसला कारवाईसाठी नाव हवं होतं. मॅडमनी ते दिलं नाही. त्याबद्दल काय काय ऐकून घेतलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसांत त्यांचे केस भराभर पांढरे झाले. साळवीनंतर मात्र माणसं बोलायला लागली. भांडणं वाढली, खरं तर. पण माल परत यायचा हळूहळू थांबला आणि कारखाना बंद करायची भाषाही थांबली.

शेवटचा भेटलो तो त्यांच्या कर्जतच्या घरी. खिडकीतून उल्हास नदीकडचा उतार दिसत होता. बोलताना दम लागत होता. "मी फार दमले होते हो ठोंबरे," त्या म्हणाल्या. "आजारानं नाही, आधीच. रोज सकाळी उठून परत पहिल्यापासून ऐकून घ्यायचं... कारखाना बदलला म्हणतात, पण एक दिवस लक्ष नसलं की सगळं जुन्यावर यायचं." मग थोडं हसल्या. "गंमत बघा. भिंत पाडली त्याचा सत्कार झाला. परत बांधली त्याचा मेमो आला." मी म्हटलं, तुम्ही आता आराम करा. दुसरं काय म्हणणार?

शोकसभेनंतर मी आणि कमळीबाई नव्या साहेबांना भेटायला गेलो. माणूस वाईट नाही. चहा मागवला, खुर्च्या दिल्या. मी सवयीनं पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो, आणि त्यांचं लक्ष फोनकडे जायला लागलं. मला माझाच कंटाळा आला. तेवढ्यात कमळीबाई मध्येच म्हणाली, "साहेब, भिंत राहू द्या."

"अहो ताई, पण मॅडमनी स्वतः..."

"मॅडमनी पाडली आनि मॅडमनीच बांधली. आमी सांगितलं म्हनून बांधली."

साहेब म्हणाले, "बघतो." हा शब्द मी इतक्या केबिनींमध्ये ऐकलाय की त्याचं काय होतं, ते मला पुरतं ठाऊक आहे. बाहेर आलो. गुडघे दुखत होते. म्हटलं, "कमळीबाई, तो काय ऐकायचा नाय. मॅडमसारखं कोण ऐकतंय आता?"

ती थांबली. "मॅडम तरी पयल्या खेपेला कुठं ऐकल्या व्हत्या? तुला ठावं नाय रं दादा. त्या कॉम्प्रेसरमागं आल्या ना, त्याच्या आदी मी दोनदा गेलते त्यांच्या केबिनला. एकदा म्हनल्या, नंतर ये. दुसऱ्यांदा फोनवर व्हत्या, हातानंच जा म्हनल्या."

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो, की मॅडम आपणहून विचारायला आल्या. मी विचारलं, "हे कधी बोलली नाहीस ती?"

"त्यांनी समद्यांम्होरं चुकले म्हटलं. मंग परत कशाला काढायचं?" तिनं पदर खोचला. जेवणाची सुट्टी संपत आली होती. "सोमवारी आपन परत जाऊ साहेबाकडं. पन तू बोलू नको, लय लांबन लावतोस. नुस्ता संगं बस."

बसेन म्हटलं.